बुलेट भंगारात देण्याआधी



खेड तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. शौहर कुवेतला असतात. अंगणातल्या पडवीत सासऱ्यांची जुनी बुलेट उभी आहे, पॉइंटवाली, बिडाच्या इंजिनाची. सासरे मरहूम झाले तेव्हापासून ती कधी दोन किकमध्ये सुरू होते, कधी वीस मारूनही होत नाही. गेल्या महिन्यात एकोणीस वर्षांच्या मुलाला उलटी किक बसली, घोटा सुजला, आठ दिवस कॉलेज बुडाले. मिस्त्रीने इंजिन खोलावे लागेल म्हणून मोठा आकडा सांगितला. दीर म्हणतात, भंगारात द्या. मुलगा मात्र दादांची गाडी विकायची नाही म्हणून रुसून बसला आहे. "तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता, सांगा काय करू?" असे त्या विचारतात.

भगिनी, आमचे मत असे की इंजिन खोलण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या: टापेट आणि टायमिंग. दोन्हींना नवा भाग लागत नाही. चार-पाच पाने, एक फिलर गेज आणि एक निवांत सकाळ एवढाच खर्च. तुमचा मुलगा हे शिकू शकतो. फक्त शेजारी कोणीतरी जाणता माणूस बसवा.

ही गाडी मुळात इंग्लंडमधल्या रेडिच गावची. रॉयल एनफिल्डचा कारखाना तिथे होता. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सशी भागीदारी होऊन मद्रासला तिची जोडणी सुरू झाली, मग हळूहळू सगळे सुटे भाग इथेच बनू लागले. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, पण मद्रासची बुलेट त्याच जुन्या आराखड्यावर पुढे कित्येक वर्षे निघत राहिली. उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक ही त्या विलायती वळणाचीच खूण. म्हणून रेडिचच्या कारागिराने जशी जुळणी केली असती, तशीच आज खेडच्या पडवीत होते.

आता टापेट. इंजिनात दोन व्हॉल्व्ह असतात, एक पेट्रोलची हवा आत घेणारा आणि दुसरा जळका धूर बाहेर सोडणारा. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. त्यांना खालून ढकलणाऱ्या दोन काड्या म्हणजे पुशरॉड. काडी ताठ बसली तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. धुराच्या व्हॉल्व्हची आग मिटलेल्या अवस्थेत त्याच्या बैठकीतून निघून जाते. तो अधांतरी राहिला तर त्याची कड जळते, दाब गळतो आणि गाडी किकवर किक मागते. उलट काडी सैल असली तर टक्‌टक्‌ आवाज येतो, ताकद थोडी कमी होते, पण मोठे नुकसान होत नाही. गिऱ्हाईक आवाजाची तक्रार करते म्हणून काही मिस्त्री टापेट आवळून देतात. गाडी गप्प होते, गिऱ्हाईक खूश होते आणि व्हॉल्व्ह जळायला लागतो. आम्हाला विचाराल तर किंचित बोलणारी बुलेट बरी.

काम इंजिन पूर्ण थंड असताना करायचे, म्हणजे फजरनंतरची वेळ उत्तम. प्लग काढा, गाडी मोठ्या स्टँडवर चढवा, शेवटच्या गिअरमध्ये टाका आणि मागचे चाक हाताने पुढे फिरवा. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला की एका फेऱ्याला हवा अंगठा ढकलते. तोच दाबाचा फेरा. तिथे पिस्टन अगदी वर आला की दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. उजव्या बाजूचे टापेटचे झाकण उघडले की काड्या दिसतात. तळाशी पाने लावायच्या जागा आहेत, मधला लॉकनट. तो सैल करून काडी अशी जुळवायची की दोन बोटांनी सहज गरगर फिरावी, पण वरखाली हलू नये. धुराच्या बाजूची केसभर मोकळी ठेवली तरी चालेल. लॉकनट आवळताना जुळणी सरकते, तेव्हा आवळल्यावर काडी पुन्हा फिरवून बघायची. हे पुन्हा बघणे पुष्कळजण टाळतात.

घोटा सुजला तो टायमिंगमुळे असण्याची शक्यता जास्त. पिस्टन वर येत असताना ठिणगी फार लवकर पडली तर स्फोट त्याला उलटा ढकलतो आणि किकचा दांडा पायावर येतो. ठिणगी उशिरा पडली तर पायाला धोका नाही, पण इंजिन तापते, गाडी चढावर दमते. ठिणगी केव्हा पडते? पॉइंट उघडतात त्या क्षणी. म्हणून आधी पॉइंटची फट: पूर्ण उघडल्यावर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. हा क्रम उलटा करू नका. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे फट बदलली की टायमिंगही बदलते.

मग दाबाच्या फेऱ्यात पिस्टन वर टोकाला पोचायला साधारण ०.८ मिलिमीटर उरले असताना पॉइंट नेमके सुटायला हवेत. चाक थोडे मागे घेऊन पुन्हा पुढे आणत त्या जागी यायचे, नाहीतर दातांमधला ढिलेपणा फसवतो. सुटण्याचा क्षण ओळखायला हँडलजवळचा अँपिअर मीटर आहे. चावी लावली आणि पॉइंट मिटलेले असले तर काटा एका बाजूला झुकतो, सुटले की मध्यावर येतो. बॅटरी उतरली असेल तर पॉइंटमध्ये पतंगाचा पातळ कागद धरा; ज्या क्षणी तो निसटेल तोच क्षण. वेळ चुकत असेल तर पॉइंटचा डबा किंचित फिरवून जुळवायचा. चावी लावून गाडी तशीच ठेवू नका, कॉइल तापते.

हे सगळे नीट करूनही अंगठ्याला हवेचा दाब जाणवत नसेल, तर मिस्त्री खरे बोलतो, इंजिन खोलावे लागेल. पण तेव्हा तुमचा मुलगा त्याच्याशी मापाच्या भाषेत बोलेल आणि तो आकडाही कदाचित खाली येईल.

एक गोष्ट दिरांनाही सांगा. आपल्या घरांत हाताला ग्रीस लागले की मुलगा वाया गेला असे मानतात. दुसरीकडे निम्म्या कोकणातल्या गाड्या आपल्याच वस्तीतले उस्ताद दुरुस्त करतात, आणि त्यांची मुले ते हुनर सोडून चालली आहेत. तुमचा मुलगा कॉलेजही करो आणि हेही शिको. मुलीला आवड असेल तर तिलाही बसवा, काड्या फिरवायला बारीक बोटे बरी पडतात.

आणि किक मारताना: चावी लावून दांडा हळू दाबायचा, अडला आणि काटा मध्यावर आला की डाव्या हाताने डीकॉम्प्रेसर ओढून दांडा थोडा पुढे सरकवायचा. डीकॉम्प्रेसर सोडायचा, दांडा पूर्ण वर येऊ द्यायचा आणि मग एकच पूर्ण किक, अर्धवट नाही. पायात बूट हवा. चपलेवर त्याला गाडीजवळ जाऊ देऊ नका.