सरड्याचं घर आणि आपली अर्धी अहिंसा



गेल्या महिन्यात मंदिरातून निघताना एका ओळखीच्या बाईंनी मला थांबवलं. "तुमच्याकडे तो ऑस्ट्रेलियाचा दाढीवाला सरडा आहे ना? आमची नात हट्ट धरून बसली आहे. भाजीपाला खातो म्हणे, मग आपल्यात चालेल, नाही का?"

"नाही चालणार," मी म्हटलं. त्यांना ते लागलं असावं. पण दोन वर्षांपूर्वी "भाजी खातो ना, मग चालेल" हे वाक्य मीच म्हटलं होतं, आणि त्याची किंमत एका मुक्या जिवानं मोजली. म्हणून आज सविस्तर लिहिते.

नातवाच्या दहाव्या वाढदिवसाला मुलानं बियर्डेड ड्रॅगनचं पिल्लू आणलं. विकणाऱ्यानं सोबत दोन फुटांची काचेची पेटी, थोडी वाळू आणि एक साधा पिवळा दिवा दिला. "खिडकीजवळ ठेवा, ऊन मिळेल. भाजी घाला, अधूनमधून किडे," असं तो म्हणाला. किडे हा शब्द ऐकताच मी मुलाला बजावलं, "माझ्या घरात पाणी गाळून पितात. इथं जिवंत किडे येणार नाहीत. भाजीवर जगेल तर राहील." मुलगा गप्प बसला, सूनबाईही काही बोलली नाही. घरात माझा शब्द चालतो याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

मी रोज पालक निवडून, धुऊन, बारीक चिरून घालत असे. तो एक हात उचलून हळूच हलवायचा. हळदीकुंकवाला आलेल्या बायका हसायच्या, "बघा, जय जिनेंद्र करतोय!" पुढे कळलं की हा या जातीतल्या दुबळ्यानं दाखवायचा शरणागतीचा इशारा आहे.

तीन महिन्यांत त्याचे पाय थरथरू लागले, जबडा मऊ पडला, चालताना पोट घासू लागलं. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "आजी, लहान मुलांना मुडदूस होतो ना, तसंच हे. कॅल्शियम नाही, अतिनील किरण नाहीत आणि वाढत्या वयात पोटभर अन्नही नाही." पालकानं तर उलट कॅल्शियम अंगी लागू दिलं नव्हतं. खिडकीच्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण हाडांना लागणारे किरण काचच अडवते. मी ज्याला सात्त्विक आहार समजत होते, ती त्याची उपासमार होती.

या प्राण्याचं घर म्हणजे नेमकं काय, ते आता ऐका. मी कॉमर्सची पदवीधर, हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पूर्ण वाढलेल्या एका सरड्याला किमान चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच जागा हवी. एकाच पेटीत दोन ठेवायचे नाहीत, ते भांडतात. एका टोकाला दिव्याखाली तापायची जागा हवी, तिथं सुमारे ४० अंश. दुसरं टोक २५ अंशांच्या आसपास, म्हणजे तापला की त्याला तिकडे सरकता येतं. दोन्ही टोकांना थर्मामीटर आणि दिव्याला थर्मोस्टॅट. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरच तापलेलं असतं, तेव्हा ते थंड टोक थंड ठेवता ठेवता नाकी नऊ येतात. तापणारे दगड विकायला असतात, ते घेऊ नका, पोट भाजतं. सुटी वाळू पिल्लाच्या पोटात जाऊन अडकू शकते, त्यापेक्षा साधी टाइल किंवा कागद बरा. अतिनील किरणांची ट्यूब दिवसाचे दहा-बारा तास लागते. ती जुनी झाली तरी उजेड देत राहते, किरण मात्र कमी होतात. म्हणून बसवल्याची तारीख लिहून ठेवायची आणि सहा महिने ते वर्षभरात बदलायची. वीज गेली तर काय करायचं, तेही आधीच ठरवून ठेवायचं.

इथपर्यंतचा खर्च पैशाचा आहे. आता दुसरं खातं उघडते.

पिल्लाचं मुख्य अन्न जिवंत किडे. दिवसाला वीस धरले तरी महिन्याचे सहाशे झाले. मोठेपणी पाल्याचं प्रमाण वाढतं, किडे कमी होतात, पण बंद होत नाहीत. रातकिडे आणायचे तर त्यांनाही डबा, दाणापाणी, अंड्यांच्या पुठ्ठ्याचे ट्रे हवेत. म्हणजे एका जिवाचं घर मांडायला शेकडो जिवांचा तुरुंग शेजारी मांडायचा. पाल्याचंही बघा. चातुर्मासात आपल्यातल्या कित्येकींच्या घरी पालेभाजी येत नाही, त्याला मात्र ती रोज लागते. गाजर आपण कंदमूळ म्हणून टाळतो, त्याच्या जागी लाल भोपळा चालतो. पण रातकिड्याच्या जागी भोपळा चालत नाही. मी तेच करून पाहिलं होतं.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाठशाळेत आपण सगळ्यांनी ते घोकले. जीव कोंडून ठेवणं हा दोष आणि त्याचं अन्न अडवणं हाही दोष, एकाच यादीत. मी एका काचेच्या पेटीत दोन्ही केले आणि वर "आमच्या घरात हिंसा नाही" म्हणून मिरवलं. ज्या जिवाचा आहारच किडे आहे त्याला पालक घालून आपण जैन करत नाही, आजारी पाडतो. माझं स्वयंपाकघर शुद्ध राहिलं, पण मुडदूस त्याच्या हाडांत गेला. याला मी अर्धी अहिंसा म्हणते. ती आपला ओटा सांभाळते आणि जिवाकडे पाठ फिरवते.

यावर मला तीन प्रकारची उत्तरं मिळतात.

एक, "मग पांजरपोळ कशाला काढली?" मुंबईचं पांजरपोळ १८३४ सालापासून आहे. तिथं बेवारस, म्हातारे, जखमी प्राणी ठेवले गेले. दारात आलेल्या जिवाला आसरा देणं वेगळं आणि हौसेसाठी जीव विकत आणणं वेगळं. आपण एक विकत घेतला की दुकानदार दुसरा मागवतो. ही जीवदया नव्हे, मागणी आहे.

दोन, "नको झाला तर माळावर सोडून द्या, अभयदान होईल." हे तर सगळ्यात वाईट. तो पेटीत जन्मलेला, मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला. आपल्या पावसाळ्यात तो गारठून मरेल, नाहीतर कुत्र्या-घारीच्या तोंडी जाईल. जगलाच तर इथल्या किड्यांवर आणि सरड्यांवर भार. जबाबदारी झटकण्याला अभयदान म्हणू नका.

तीन, "मुलांना प्राण्यांची माया लागते." लागते, मान्य. पण हा प्राणी नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. आज दहाचा नातू तोवर कॉलेजला, कदाचित परगावी. मग थर्मामीटर कोण बघणार? तुम्ही आणि सूनबाई. माया शिकवायची तर गॅलरीत चिमण्यांसाठी पाण्याचं भांडं ठेवायला शिकवा. चिमणी तिला हवं तेव्हा येते आणि जाते.

आमच्याकडे शेवटी काय झालं, ते सांगते. डॉक्टरांकडून परत येताना गाडीत मी मुलाला म्हटलं, "चार फुटांची पेटी आण, ट्यूब आण आणि त्याचे किडेही आण. आणला आहेस तर त्याला उपाशी मारायचा नाही." हे बोलताना माझा घसा दाटून आला होता. आता मुलगा सकाळी गॅलरीत त्याला खायला घालतो, किड्यांना कॅल्शियमची भुकटी लावून. मी तेव्हा तिथं जात नाही, पण ते माझ्या संमतीनं चालतं, हे नाकारतही नाही. सरडा बरा झाला. जबडा मात्र थोडा वाकडाच राहिला, आणि तो वाकडेपणा माझ्या नावावर आहे. दर चतुर्दशीला मी एकाशन करते. त्यानं खातं मिटतं असं मी समजत नाही, फक्त बाकी लक्षात राहते.

तेव्हा ज्यांच्या घरी हा प्राणी आलेला नाही, त्यांनी आणू नका. नात चार दिवस रुसेल, रुसू द्या. ज्यांच्या घरी आलेला आहे, त्यांनी त्याचं घर पूर्ण मांडा, आणि किड्यांचं पाप नको म्हणून ते अर्धं ठेवू नका. तेही जमत नसेल तर ज्याच्याकडे अशी व्यवस्था आहे, अशा जाणत्या माणसाकडे सोपवा.

मंदिरात भेटलेल्या त्या ताईंना माझं तोडून बोलणं लागलं असेल तर क्षमा मागते. उत्तर मात्र तेच राहील.

जय जिनेंद्र.