बाजारात तुरी

आपल्याकडे एक म्हण आहे: बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. तुरी अजून बाजारातच आहेत, त्या घरी येणार की नाही याचा पत्ता नाही, परंतु वरण घट्ट करावयाचे की पातळ यावरून इकडे घरात भांडी आपटली जात आहेत! ही म्हण ज्या कोणी रचली त्याने इंग्लंडातल्या फुटबॉल क्लबांचे चाहते पाहिलेले असण्याचा संभव नाही. तरीही त्यांचे इतके हुबेहूब चित्र दुसऱ्या कोणी काढल्याचे माझ्या माहितीत नाही.

हे चाहते आता केवळ लंडन-मँचेस्टरात राहत नाहीत. ते पुण्यात आहेत, डोंबिवलीत आहेत, नाशकात आहेत, आणि वाचकहो, फराळाचे ताट पुढे घेऊन आपण हे वाचीत असाल तर आपल्या शेजारच्या खोलीतही त्यांपैकी एखादा असण्याची दाट शक्यता आहे. रात्री एक वाजता दिवाणखान्यातून जी दबकी आरोळी ऐकू येते ती चोराला पाहून मारलेली नसते.

खेळ पाहण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती खेळ नसतो तेव्हा जे चालते त्याबद्दल. २००२ सालापासून जगभर खेळाडूंच्या खरेदी-विक्रीला वर्षातून दोनच हंगाम ठरवून दिलेले आहेत. युरोपात एक उन्हाळ्यात असतो व दुसरा जानेवारीत. या दोन हंगामांत चाहता माणूस राहत नाही, अडत्या होतो. अमक्याला सहा कोटी पौंडांना घ्या, तमक्याला मिळेल त्या भावाने फुंका, बचावाला डावखुरा हवा, आणि या मॅनेजरला तर आजच्या आज नारळ द्या! (फुटबॉलचा मॅनेजर म्हणजे बँकेतला किंवा नाटक कंपनीतला नव्हे. तो तालमीचा वस्ताद. कोणाला खेळवावे, कोणाला बसवावे, हे तो ठरवतो आणि हरल्यावर शिव्याही तोच खातो.) या सर्व बोलण्यात 'ते' हा शब्द कधी येत नाही. येतो तो 'आम्ही'. 'आम्हांला एक चांगला सेंटर फॉरवर्ड घ्यायला हवा, काका,' असे माझा पुतण्या मला गंभीरपणे सांगतो, तेव्हा त्याच्या खिशात रिक्षाचे पैसे नसतात. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरे काय!

उदाहरणादाखल मी आर्सेनल हा लंडनचा क्लब घेतो. मला त्याच्याविषयी आकस नाही, उलट प्रेम आहे. आपल्या खडकीला जसा दारूगोळ्याचा कारखाना आहे तसा वुलिच येथे सरकारी तोफखान्याचा कारखाना होता. तेथल्या कामगारांनी १८८६ साली सहा-सहा पेन्स वर्गणी काढून हा क्लब सुरू केला. म्हणून त्याच्या बिल्ल्यावर आजही तोफ आहे.

या क्लबाने १९९६ साली आर्सेन वेंगर नावाचा फ्रेंच गृहस्थ मॅनेजर म्हणून आणला. तो येण्यापूर्वी जपानात नागोयाच्या संघाकडे होता. लंडनच्या एका वर्तमानपत्राने 'हा कोण?' अशा अर्थाचा मथळा दिला. या 'हा कोण'ने खेळाडूंच्या ताटातले तळकट काढून तेथे उकडलेल्या भाज्या ठेवल्या. पॅरिसच्या संघातून पाच लाख पौंडांना आणलेले अनेल्का नावाचे पोर दोन वर्षांनी माद्रिदला दोन कोटींच्या वर विकले, आणि युव्हेंटसमध्ये कडेला कुजत पडलेल्या थिएरी हेन्रीला मध्ये आणून त्याचा जगातला एक अव्वल गोलंदाज केला. गोलंदाज म्हणजे येथे गोल करणारा, क्रिकेटवाल्यांनी रागावू नये. १९९८, २००२, २००४ अशी तीन वर्षे लीग जिंकली. २००४ ची तर एकही सामना न हरता: अडतीसपैकी सव्वीस जिंकले, बारा बरोबरीत सोडवले.

यानंतर क्लबाने नवे मैदान बांधावयास काढले. हायबरीच्या जुन्या मैदानात सुमारे ३८ हजार माणसे मावत, नव्यात साठ हजार. खर्च ३९ कोटी पौंडांच्या आसपास. २००६ साली ते उघडले आणि मग घर बांधलेल्या मध्यमवर्गीयाच्या संसारात जे होते तेच या क्लबात झाले. हप्ते फेडता फेडता दागिने मोडावे लागले. २००७ साली हेन्री गेला, २०११ साली फॅब्रेगास व नास्री गेले, २०१२ साली व्हॅन पर्सी गेला आणि तोही कोठे, तर मँचेस्टर युनायटेडकडे! अशा काटकसरीतही वेंगरने संघ सलग वीस हंगाम पहिल्या चारांत ठेवला. परंतु चाहत्यांस हप्ते दिसत नाहीत, शेजाऱ्याची मोटार दिसते. 'पैसे खर्च करा' हा एकच घोष झाला. २०१३ साली क्लबाने लिव्हरपूलच्या स्वारेझसाठी चार कोटी पौंड आणि वर एक पौंड अशी बोली लावली. आपल्याकडे अहेराच्या पाकिटात वरचा रुपया घालतात तसा! लिव्हरपूलने ते पाकीट परत केले. २०१५ च्या उन्हाळ्यात पहिल्या संघासाठी चेक हा एकटा गोलरक्षक घेतला, मैदानात धावणारा एकही मोठा खेळाडू घेतला नाही, तेव्हा तर चाहत्यांनी आकाशपाताळ एक केले. आकाश हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही. मार्च २०१७ मध्ये वेस्ट ब्रॉमविचच्या मैदानावरून वेंगरला काढा असा फलक लावलेले विमान खरोखरच फिरले, आणि त्याला ठेवा असे सांगणारे दुसरे विमान दुसऱ्या चाहत्यांनी त्याच दिवशी उडवले. मॅनेजर राहावा की जावा यासाठी वर्गणी काढून विमाने उडवणारी माणसे या पृथ्वीवर आहेत, ही गोष्ट दिवाळीच्या दिवसांत मुलाबाळांना सांगण्यासारखी आहे.

वेंगरचे सगळेच बरोबर होते असे मी म्हणत नाही. ऑगस्ट २०११ मध्ये मँचेस्टरला ८-२ असा पराभव झाला. २०१७ साली बायर्नने घरी व बाहेर दोन्हीकडे ५-१ असे धुतले. ते पाहून ज्याचे रक्त तापले नाही त्याला चाहता म्हणणे कठीण आहे. माझे म्हणणे निराळे आहे. २०१८ च्या मे महिन्यात वेंगर गेला. पुढे काय झाले? नवा मॅनेजर एमरी आला, संघ पाचवा आला. २०१९ च्या नोव्हेंबरात त्यालाही काढले. पुढची दोन वर्षे संघ आठवा आला! आणि ज्या खर्चासाठी इतकी वर्षे टाहो फोडला, तो २०१९ साली झाला. लीलच्या संघातून निकोला पेपे ७ कोटी २० लाख पौंडांना आणला. चाहत्यांनी गुढ्या उभारल्या. २०२३ साली त्याचा करार मोडून त्याला फुकट जाऊ दिले. उलट २०२१ साली रॅम्सडेल हा गोलरक्षक आणावयाचे ठरले, तेव्हा 'लागोपाठ दोन संघ खालच्या वर्गात नेलेला हा अवलक्षणी कशाला?' म्हणून याच मंडळींनी गदारोळ केला, आणि दोन-तीन महिन्यांत त्याच्याच नावाची गाणी म्हणू लागली.

त्यांच्या परीक्षेचा आणखी एक मासला. २०१९ च्या डिसेंबरात आर्टेटा मॅनेजर झाला. २०२० च्या नाताळात संघ पंधरावा होता. २०२१ च्या ऑगस्टात पहिले तीन सामने एकही गोल न करता हरून तो तळाला गेला. 'काढा त्याला!' ज्यांनी ही आरोळी दिली तेच पुढे २०२३, २०२४ व २०२५ साली संघ लागोपाठ दुसरा आल्यावर त्याच्या धोरणाचे पहिलेवहिले पुरस्कर्ते आपणच होतो असे सांगत फिरू लागले. मालकांनी त्या ऑगस्टात या जाणकारांचा सल्ला ऐकला नाही, हे आर्टेटाचे नशीब.

येथे कोणी तरुण वाचक फणकाऱ्याने विचारील, 'मग चाहत्याने बोलूच नये काय? पैसे मोजतो, रात्री जागतो, आणि तोंडही उघडायचे नाही?'

बोलावे! घसा फाटेपर्यंत बोलावे. माझा सारा रोख येथेच आहे. ज्या गोष्टीतले त्याला काही कळत नाही आणि जिच्यावर त्याचा काडीचा ताबा नाही तिच्याबद्दल तो बारा महिने बोलतो, आणि जी खरोखर त्याची आहे तिच्याबद्दल मूग गिळून बसतो. कोणता खेळाडू रोज सरावात कुचराई करतो, कोणाच्या गुडघ्यात काय आहे, कोणाच्या कराराचे किती महिने उरले, हे त्याला घरबसल्या कळणे शक्य नाही. परंतु तिकिटाला किती पैसे पडतात हे त्याच्याइतके कोणाला कळते? याच आर्सेनलच्या सर्वांत महाग वार्षिक तिकिटाला दोन हजार पौंडांच्या वर मोजावे लागत. क्लबाचा मालक कोण, हे त्याला कळत नाही काय? २०१८ साली क्रोंकी या अमेरिकन धनिकाने क्लबाचे उरलेसुरले भाग विकत घेतले. ज्यांच्याकडे एखादाच भाग होता, जो आजोबांकडून नातवाकडे आला होता, अशा लहान भागधारकांनाही कायद्याने तो विकून टाकणे भाग पडले. कामगारांच्या वर्गणीतून निघालेल्या क्लबात चाहत्यांच्या मालकीचा कागदाचा कपटाही उरला नाही. त्या दिवसांत क्लबापुढे निषेध करणारी थोडी माणसे होती, नाही असे नाही. बाकीचे बचावाच्या फळीची चर्चा करण्यात गुंतले होते.

आणि चाहता योग्य ठिकाणी बोलला म्हणजे काय होते तेही पाहा. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या मालकांनी तिकीट ७७ पौंडांपर्यंत चढवावयाचे ठरवले. सामन्याच्या बरोबर ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसे उठून चालती झाली. त्यांचा संघ तेव्हा २-० असा पुढे होता. सामना २-२ असा सुटला. थोड्याच दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. एप्रिल २०२१ मध्ये तर याहून मोठे प्रकरण झाले. युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी, आणि त्यांत आर्सेनलही होता, हरण्याची व बाहेर पडण्याची भीती नसलेली आपली खास स्पर्धा काढण्याचे जाहीर केले. श्रीमंतांनी श्रीमंतांशी खेळावे, गरिबांनी बाहेरून पाहावे! रविवारी, १८ तारखेला घोषणा झाली. चेल्सीचे चाहते मैदानाबाहेर रस्त्यावर उतरले, सगळीकडे एकच गहजब झाला, आणि मंगळवारी रात्रीपर्यंत इंग्लंडचे सहाच्या सहा क्लब माघार घेऊन मोकळे झाले. जी माणसे वर्षानुवर्षे ओरडूनही आपल्या पसंतीचा एक डावखुरा खेळाडू मालकांकडून आणवू शकली नव्हती, त्यांनी दोन दिवसांत अब्जावधींचा व्यवहार उधळून लावला.

हे झाले लंडनचे. आता आपल्या घरच्या अडत्यांकडे वळतो, कारण त्यांच्यावर माझा अधिक राग आहे, आणि राग अधिक म्हणूनच जीवही अधिक आहे.

मुंबईला १८९१ सालापासून रोव्हर्स कप होता. कूपरेजच्या मैदानावर त्या सामन्यांना झुंबड उडत असे. तो या शतकाच्या तोंडाशी बंद पडला. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकला, आणि २०१० साली कंपनीने तो गुंडाळला. त्या दिवशी पुण्या-मुंबईच्या किती चाहत्यांना जेवण गोड लागले नाही? गोव्यात पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब २०१६ साली राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा पुढला हंगामच करारावरून लटकला. खेळाडूंना पगाराची काळजी लागली. आणि आमचे तरुण त्या जुलैत काय करीत होते? आर्सेनलने नवा सेंटर फॉरवर्ड कितीला घ्यावा याचा काथ्याकूट!

मी हे पुतण्याला ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, 'काका, तुमचं खरं, पण आपल्याकडच्या खेळाला दर्जा नाही हो.'

दर्जा! ११ डिसेंबर १८८६ रोजी वुलिचच्या त्या कामगारांनी आपला पहिला सामना खेळला आणि ६-० असा जिंकला. ते मैदान असे होते की त्याच्या कडेने उघडा नाला वाहत असल्याचे सांगतात. माझ्या पुतण्याच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर एक मैदान आहे. तेथे रविवारी सकाळी स्थानिक लीगचे सामने होतात. नाला तेथेही आहे. तिकीट नाही. मॅनेजर एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना काढा म्हणून अद्याप कोणी विमान उडवलेले नाही, आणि गेल्या महिन्यात त्यांना जाळ्यांसाठी वर्गणी हवी होती.

पुतण्याने अजून दिलेली नाही. जानेवारीचा बाजार उघडण्याची तो वाट पाहत आहे.