लाँगस्ट्रीट यांच्यावर अन्याय नको

अमेरिकी यादवी युद्धातील गेटिसबर्गच्या पराभवाचे खापर दक्षिणेचे जनरल जेम्स लाँगस्ट्रीट यांच्या माथी फोडणारे पत्र वाचून वाईट वाटले. ३ जुलै १८६३ रोजी उघड्या मैदानातून पायदळ तोफांच्या तोंडी देण्यास त्यांचा विरोध होता. हुकूम त्यांचे सेनापती ली यांचा होता. हल्ल्यासाठी सज्ज असलेले जनरल पिकेट यांनी आज्ञा मागितली तेव्हा लाँगस्ट्रीट यांच्या तोंडून शब्द फुटेना, त्यांनी नुसती मान हलवली. लाँगस्ट्रीट यांनी गेटिसबर्गमध्ये दिरंगाई केल्याचा आरोप दक्षिणेचेच एक सेनानी जुबाल अर्ली यांनी १८७२ मध्ये, म्हणजे ली यांच्या निधनानंतर केला. तोवर लाँगस्ट्रीट कृष्णवर्णीयांच्या हक्कांची बाजू घेणाऱ्या रिपब्लिकन पक्षात गेले होते, खरे सलत होते ते हेच. १८७४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर ते कृष्णवर्णीय शिपायांसह गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या 'व्हाइट लीग'विरुद्ध उभे राहिले. गुलामगिरीच्या बाजूने लढल्याचा दोष त्यांना जरूर द्यावा. गेटिसबर्गचा देऊ नये.

– एक वाचक, पुणे