वेबरने नोकरशाहीचा ‘आदर्श’ सांगितलाच नव्हता

१/ लोकप्रशासनाच्या टिपणवह्यांत एक त्रिमूर्ती ठरलेली असते : टेलर, फेयॉल, वेबर. पहिल्याचे शास्त्रीय व्यवस्थापन, दुसऱ्याची चौदा तत्त्वे आणि तिसऱ्याची ‘आदर्श नोकरशाही’. यांतील तिसरी नोंद दिशाभूल करणारी आहे, आणि ती निरुपद्रवीही नाही. म्हणून हा धागा.

२/ टेलर अभियंता, फेयॉल एका खाणकंपनीचा प्रमुख. एकाचा ग्रंथ १९११चा, दुसऱ्याचा १९१६चा. दोघांचा प्रश्न व्यवहाराचा होता : काम अधिक चांगले कसे व्हावे? मॅक्स वेबरचा प्रश्न निराळा : माणसे सत्तेची आज्ञा का मानतात? १९२०मध्ये तो वारला. त्याच्या मरणोत्तर प्रकाशित लेखनाला व्यवस्थापनाच्या वर्गात नेऊन बसवले ते इतरांनी.

३/ सारा घोटाळा ‘आदर्श’ या शब्दाचा. वेबरचे ‘आदर्शप्रारूप’ म्हणजे अनुकरणीय नमुना नव्हे. वास्तवातील काही वैशिष्ट्ये मुद्दाम ठळक करून रचलेले ते विचाराचे साधन आहे. १९०४च्या निबंधात त्याने हे स्पष्ट केले होते : आदर्शप्रारूप जसे धर्मांचे मांडता येते, तसे वेश्यागृहांचेही. याहून स्वच्छ इशारा कोणता हवा?

४/ मग वेबरने नोकरशाहीची स्तुती केलीच नाही का? केली. अचूकता, वेग, सातत्य यांत ती जुन्या व्यवस्थांहून सरस आहे, असे तो म्हणतो. जिथे पद वतन म्हणून बापाकडून मुलाकडे जाते, तिथे पात्रता पाहून नेमलेला, नियमाने बांधलेला अधिकारी ही मोठीच प्रगती होय. वतनदारी पाहिलेल्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको.

५/ परंतु यंत्र उत्तम चालते याचा अर्थ ते धनी व्हावे असा होत नाही. १९०९ साली व्हिएन्नातील परिषदेत जर्मन विद्वानांची जुनी पिढी प्रशियाच्या अधिकारीवर्गाचे गोडवे गात असताना वेबर उलट बोलला. नोकरशाही वाढवावी कशी हा प्रश्न नाही. तिच्यापासून माणुसकीचा काही अंश वाचवावा कसा, हा खरा प्रश्न आहे, असा त्याचा रोख होता.

६/ आणि टिपणवह्या ज्याला हात लावत नाहीत तो मुद्दा : गोपनीयता. ‘कार्यालयीन गुपित’ हा नोकरशाहीचा स्वतःचा खास शोध आहे, असे वेबर सांगतो. ज्ञान हे तिचे बळ. ते झाकून ठेवले की लोकप्रतिनिधी तिच्यापुढे अडाणी ठरतात. म्हणून १९१८च्या पुस्तिकेत त्याने संसदेला चौकशीचा अधिकार मागितला. १९१९च्या वायमार घटनेत चौकशी समित्यांची तरतूद झालीही.

७/ आता आपल्याकडे पाहा. शासकीय गुपिते कायदा १९२३चा, परकीय सत्तेने केलेला. स्वातंत्र्यानंतरही तो राहिला. त्याला छेद देणारा महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा २००२चा, केंद्राचा २००५चा. हे कायदे वेबरच्या नोकरशाहीत आलेले विघ्न नव्हेत. वेबरच्याच प्रश्नाला दिलेले ते उत्तर आहे.

८/ म्हणून ही केवळ भाषांतराची चूक नव्हे. ‘उतरंड, लेखी नियम, व्यक्तिनिरपेक्षता’ ही यादी सद्गुणांची म्हणून पाठ करणारा विद्यार्थी उद्या खुर्चीवर बसतो. मग ‘नियमात बसत नाही’ हे उत्तर त्याला कर्तव्यपूर्ती वाटते आणि माहिती मागणारा नागरिक उपद्रवी वाटतो. निदान करणाऱ्या वैद्याच्या नावावर आपण रोगच औषध म्हणून खपवला आहे.

९/ उपाय फार अवघड नाही. ‘आदर्श’ऐवजी ‘शुद्ध प्रारूप’ म्हणावे. ‘शुद्ध’ हे विशेषण वेबर स्वतःही वापरतो. आणि ‘वेबरच्या नोकरशाहीची वैशिष्ट्ये लिहा’ या प्रश्नाखाली आणखी एक प्रश्न छापावा : ‘या यंत्रणेवर अंकुश कोणाचा?’ वेबरला पूर्ण गुण मिळवायचे असतील, तर ते या दुसऱ्या प्रश्नातच मिळतील.