सबमिशन आणि एक चुकार ठिपका

गेल्या विकांताला मावशीकडे जेवायला गेलो होतो. हॉलमध्ये शिरलो तर सोफा, टीपॉय, जमीन, जिकडे तिकडे कागद. मधोमध आमचा मावसभाऊ मांडी घालून बसलेला. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, सेमिस्टर संपत आलेली, सोमवारी सबमिशन आणि फिजिक्सच्या १० पैकी ६ प्रयोग लिहायचे बाकी. "दादा, तुझं अक्षर माझ्यासारखंच आहे ना रे?" हा त्याचा पहिला प्रश्न. 'कसा आहेस' वगैरे नंतर.

आता अशा वेळी मोठ्या भावाने चार उपदेशाच्या गोष्टी सांगायच्या असतात. मी मुकाट्याने खाली बसलो आणि पेन मागितलं. जुनी सवय, हात शिवशिवले :-)

२००३ ते २००७ अशी चार वर्षं मी पुण्यात हेच केलंय. सेमिस्टरचे शेवटचे १० दिवस म्हणजे आमच्याकडे सण असायचा. टर्मवर्क, जर्नल, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आहे का ते बघायला नोटीस बोर्डापुढे झुंबड. रात्री काचेखाली दिवा लावून दुसऱ्याच्या ड्रॉइंग शीटवर आपली शीट ठेवायची आणि रेघा गिरवायच्या. ह्याला जीटी म्हणायचं, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी केलं असेल, उगाच साळसूद चेहरे करू नका. फाइल सीनियरची, त्याने ती त्याच्या सीनियरकडून घेतलेली. आमच्या एका प्रयोगात 'आकृती ३ मध्ये दाखवल्याप्रमाणे' असं वाक्य होतं. ती आकृती ३ आमच्या अख्ख्या वर्गात कोणाच्याच फाइलमध्ये नव्हती. कुठल्या तरी बॅचला गळाली असणार. वाक्य मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू.

भावाकडे सीनियरची फाइल नव्हती. मोबाइलवर चॅटजीपीटी उघडलेलं, ते थिअरी सांगतंय आणि हा निळ्या पेनाने उतरवून घेतोय, कारण कॉलेजला जर्नल हस्ताक्षरातच हवंय. यंत्र सांगतंय आणि माणूस कारकुनी करतोय! हसू आलं, पण ह्यावर 'आजकालची मुलं' छापाचं भाषण ठोकायला मी तयार नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं, त्याच्या कितीतरी आधीपासून ते जर्नल मेलेलंच होतं. थिअरी पुस्तकात असतेच, ती कोणाकडून उतरवली ह्याने फारसं बिघडत नाही. हात दुखतो, एवढंच.

बिघडतं ते पुढच्या पानावर, निरीक्षणांच्या तक्त्यात.

प्रयोग न्यूटन्स रिंग्जचा होता. ज्यांनी केला नसेल त्यांच्यासाठी: सपाट काचेवर एक उथळ भिंग ठेवतात, वरून सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश सोडतात. मायक्रोस्कोपमधून पाहिलं की एकात एक काळी वर्तुळं दिसतात. मायक्रोस्कोप स्क्रूने सरकवत एकेका वर्तुळाची डावी-उजवी कड वाचायची, व्यास काढायचा. व्यासाचा वर्ग आणि वर्तुळाचा क्रमांक ह्यांचा ग्राफ सरळ रेघ येतो, त्या रेघेच्या चढावरून प्रकाशाची तरंगलांबी मिळते. उत्तर सगळ्या जगाला आधीच माहीत असतं: ५८९३ अँगस्ट्रॉम.

भावाच्या कच्च्या वहीत त्याने स्वतः घेतलेली रीडिंग्ज होती. ग्राफही काढला होता, पेन्सिलीने. सगळे ठिपके शहाण्यासारखे ओळीत आणि ८ व्या रिंगचा एक ठिपका खुशाल वर जाऊन बसलेला. तो खोडरबर शोधत होता.

"काय करतोयस?"

"खाली आणतो. एवढंच चुकलंय."

मी म्हटलं, थांब. ८ वी रिंग मोजताना काही वेगळं केलं होतंस का? त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "हां, ती घ्यायची राहिली होती. मी पुढे गेलो होतो, मग स्क्रू उलटा फिरवून मागे आलो."

बास, हेच तर! स्क्रूच्या आट्यांमध्ये किंचित ढिलेपणा असतो. दिशा बदलली की स्क्रू थोडा नुसताच फिरतो, मायक्रोस्कोप जागचा हलत नाही, आणि रीडिंग चुकतं. म्हणून स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा असतो. हे वाक्य जर्नलमध्ये 'दक्षता' ह्या मथळ्याखाली त्याने दहा मिनिटांपूर्वीच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. त्याचा अर्थ त्याला आत्ता कळला, त्या चुकार ठिपक्यामुळे. आणि तोच तो खोडायला निघाला होता.

ही खोड फक्त पहिल्या वर्षाच्या पोरांना असते असं नाही. रॉबर्ट मिलिकनने तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. हवेच्या चिकटपणाचा आकडा चुकीचा घेतल्यामुळे त्याचं उत्तर थोडं कमी आलं होतं. पुढची गंमत रिचर्ड फाइनमनने १९७४ मध्ये कॅलटेकच्या पदवीदानाच्या भाषणात सांगितली. नंतरच्या लोकांचे आकडे एकदम बरोबर आले नाहीत, हळूहळू वर सरकत गेले. मिलिकनपेक्षा फार मोठं उत्तर आलं की लोक आपलीच चूक शोधायचे. जवळपास आलं की शोधायचे नाहीत. म्हणजे खोडरबर तिथेही होतं.

"ते सगळं ठीक आहे रे दादा," भाऊ म्हणाला, "पण सर परत पाठवले तर? सोमवारी शेवटची तारीख आहे."

इथे माझा आवाज जरा चढला. मावशी स्वयंपाकघरातून डोकावली. कारण त्याला सांगितलं नाही, ते इथे सांगतो.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. शुक्रवारी रिलीज. ६० टेस्ट केसेसची शीट, त्यातल्या ७ चालवताच आल्या नव्हत्या, सर्व्हर बंद होता. टेस्टिंगला एक नवीन मुलगी होती, पहिलीच नोकरी. तिने विचारलं, "सर, ह्यांच्यापुढे 'नॉट रन' लिहू ना?" मी म्हटलं, "क्लायंट प्रश्न विचारत बसेल. मागच्या वेळी चालल्या होत्या ना? पास लिही." अगदी सहज म्हटलं, फाइल पुरी करायची सवयच होती. सोमवारी क्लायंटच्या बिलांमध्ये तीच रक्कम दोनदा वजा व्हायला लागली. चूक त्या सातांपैकी एकीत होती आणि शीटवर नाव तिचं होतं. मीटिंगमध्ये आठ जणांसमोर विचारलं गेलं, हे पास कोणी केलं? मी गप्प बसलो. संध्याकाळी मॅनेजरला केबिनमध्ये गाठून खरं सांगितलं, पण तिला आठ जणांसमोर बोलणी बसली होती आणि मी कबूल केलं ते एकासमोर. ती कधी काही बोलली नाही. मला 'सर' म्हणणं मात्र तिने त्या दिवसापासून बंद केलं.

असो.

शिक्षकांना शिव्या घालणं सोपं आहे. पण ८० मुलं आणि प्रत्येकी १० प्रयोग म्हटले तर एका विषयाच्या ८०० सह्या होतात, त्याही शेवटच्या आठवड्यात. वाचणार कधी? माझं म्हणणं इतकंच आहे की १० चे ५ प्रयोग करा. थिअरी लिहायला लावूच नका, ती पुस्तकात सुखात आहे. कच्ची वही हीच खरी वही धरा, खाडाखोडीसकट, आणि शेवटी 'माझं काय चुकलं आणि का' असा एकच परिच्छेद मागा. मग मुलाला समोर बसवून पाच मिनिटं त्याबद्दल विचारा. चॅटजीपीटी परिच्छेद लिहून देईल, हे मान्य. पण आपण स्क्रू कधी मागे फिरवला हे त्याला कुठून माहीत असणार?

शनिवारी रात्री साडेअकरापर्यंत आम्ही बसलो. मी दोन प्रयोगांची थिअरी लिहून दिली (हो, दिली. उपदेश वेगळा आणि मावसभाऊ वेगळा). ग्राफ त्याने स्वतः पक्का केला. ठिपका तसाच ठेवला, त्याच्याभोवती छोटं वर्तुळ काढलं आणि खाली दोन ओळी लिहिल्या.

सोमवारी दुपारी त्याचा फोन.

"झालं सबमिशन?"

"झालं. सही मिळाली."

"ग्राफबद्दल काही म्हणाले का सर?"

"छे रे. त्यांनी ते पान उघडलंच नाही."