मिरजोळे सड्यावरील रानपक्ष्यांची गणना व देखरेख सुरू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. विभागीय वन अधिकारी,
रत्नागिरी (चिपळूण)

विषय : जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची दरवर्षी गणना करून विणीच्या काळात संरक्षण मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही मिरजोळे (ता. जि. रत्नागिरी) येथील ग्रामस्थ निवेदन करतो की, गावच्या सड्यावर आणि आंबा-काजूच्या बागांच्या कडेने चकोत्री, रानकोंबडी, लावे व मोर यांचा वावर आहे. हे सारे जमिनीवरच अंडी घालतात. चकोत्रीचे घरटे म्हणजे झुडपाच्या बुडाशी उकरलेला खळगा, त्यात पाचोळा आणि तीन-चार अंडी. मादी अशी दबून बसते की माणूस अगदी जवळ येईपर्यंत उठत नाही. वणव्यात हीच सवय तिच्या मुळावर येते. चकोत्री व रानकोंबडीच्या विणीचे आणि सड्यावरचे गवत पेटण्याचे महिने एकच, फेब्रुवारी ते मे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 2(16) नुसार पक्ष्यांची अंडी फोडणे किंवा घरट्याला उपद्रव देणे हीसुद्धा शिकारच आहे. पण घरटी किती होती याचीच नोंद नसेल, तर किती गेली हे सांगणार कोण?

आपल्याच जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर 2002 पासून ग्रामस्थांच्या साथीने समुद्रकासवांची घरटी राखली जातात. जानेवारी-फेब्रुवारी 2022 मध्ये तर वेळास, आंजर्ले व गुहागर येथे कासवांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले गेले. आम्ही ट्रान्समीटर मागत नाही. लाव्याएवढ्या जिवाला ते ओझेच व्हायचे. या पक्ष्यांची मोजदाद कानाने होते. ठरलेली वाट, ठरलेले थांबे, उजाडतानाची वेळ आणि प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटे ऐकलेल्या आरवण्याची नोंद, एवढे पुरे. मात्र वाट व वेळ दरवर्षी तीच हवी, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही.

सबब, फेब्रुवारी ते मे दर पंधरवड्याला वनरक्षकांच्या देखरेखीखाली अशी गणना व्हावी आणि तिची नोंद गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत घेतली जावी. घरट्यांची नेमकी जागा मात्र त्यात, किंवा व्हॉट्सॲपवर, येऊ नये. माणसाच्या पायवाटेमागून मुंगूस आणि कुत्री येतात, फासकी लावणारेही येतात. त्या फासक्यांसाठी पहाटेची गस्त हवी. सड्यावर जानेवारीतच जाळरेषा काढाव्यात. गावच्या औद्योगिक वसाहतीतील मोकळे भूखंड जाळून नव्हे, गवत कापून साफ करावेत, असे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळास आपल्या कार्यालयामार्फत कळवावे.

येथील बहुतेक जमीन खाजगी मालकीची आहे. त्यामुळे बागायतदारांना विश्वासात घेतल्याशिवाय यातले काहीच होणार नाही. त्यासाठी डिसेंबरअखेर गावात बैठक लावावी, ही विनंती. पहाटे सड्यावर यायला आमची मुले तयार आहेत.

आपले,
समस्त ग्रामस्थ, मिरजोळे

प्रत माहितीसाठी :
1) परिक्षेत्र वन अधिकारी, रत्नागिरी
2) सरपंच, ग्रामपंचायत मिरजोळे