मे महिन्यात पाणी कोण घालणार?

वर्गमित्रांनो, आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

१ जुलै जवळ आला. त्या दिवशी वसंतराव नाईक यांची जयंती, म्हणजे कृषिदिन असतो आणि वनमहोत्सवाचा आठवडाही तेव्हाच सुरू होतो. आपल्या सातवीच्या वर्गाने बागेसाठी प्रत्येकी २० रुपये वर्गणी काढायचे ठरवले आहे. गुलाब आणावेत, रंगीत पानांचे क्रोटन आणावेत आणि फाटकाच्या दोन्ही अंगांना उंच अशोक लावावेत, असे बहुतेकांचे मत पडले. गुरुजींनी हात वर करायला सांगितले तेव्हा मी हात वर केला नाही. का केला नाही ते सगळ्यांपुढे नीट सांगता आले नाही, म्हणून इथे लिहीत आहे.

गेल्या वर्षीही आपण रोपे विकतच आणली होती. प्रत्येक रोपापाशी एकेकाच्या नावाची पाटी लावली. माझ्या वाट्याला लाल गुलाब आला, ८० रुपयांचा. आणला तेव्हा त्याला दोन फुले होती. पावसाळाभर तो बरा राहिला. दिवाळीनंतर मी रोज डबा धुतलेले पाणी त्याला घालत असे. मग मे महिन्याची सुट्टी लागली आणि गावात टँकर सुरू झाला. एक दिवस मी घरच्या हंड्यातला एक तांब्या घेऊन शाळेकडे निघाले, तर टँकरच्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "अगं पोरी, मानसाला प्यायला न्हाई आन् तू गुलाबाला पाजतीस व्हय?" मला फार राग आला. पण घरी येऊन बसले तेव्हा वाटले, काकू काय खोटे बोलल्या? दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा एक वाळकी काडी आणि शेजारी माझ्या नावाची पाटी उभी होती. सगळ्या बागेत पाच रोपे जगली, त्यातली चार नळाच्या ओलीवरची.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की रोप निवडताना आधी फूल बघू नये. मे महिन्यात याला पाणी कोण घालणार, हे विचारावे. 'कोणीच नाही' असे उत्तर आले तरी जे जगेल तेच आपल्या शाळेचे झाड. आणि अशी झाडे विकत आणावी लागत नाहीत. ती गावातच आहेत.

हे मी नुसते बोलत नाही. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात मी आजीबरोबर गावभर हिंडून काय काय हिरवे आहे ते पाहिले. देवळामागे कण्हेर फुललेली होती, तिला कोणी कधी पाणी घातल्याचे आजीलाही आठवत नाही. एका पडक्या घराच्या भिंतीवर बोगनवेल इतकी भरली होती की पाने दिसत नव्हती. तिला पाणी जास्त झाले तर उलट फुलेच कमी येतात. पायऱ्यांच्या फटीत सदाफुली, कौलावर टाकून दिलेली कोरफड, मोरीच्या पाण्यावर कर्दळ. आमच्या दारची गुलबक्षी उन्हात पार वाळून गेली होती. मी म्हटले, ही मेली. आजी म्हणाली, "मरंल कशानं? खाली कांदा हाय तिचा." आणि खरोखर, मृगाचा पाऊस पडल्यावर आठ दिवसांत ती वर आली.

यात एक गंमत आहे. सदाफुली मूळची मादागास्करची. बोगनवेल आणि गुलबक्षी तर अमेरिकेतून आलेल्या. म्हणजे ही मंडळीही एके काळी पाहुणीच. पण त्यांना आपले ऊन सोसले, म्हणून ती गावची झाली.

आता माझी मैत्रीण म्हणते, "कण्हेर विषारी असते, तुझ्या आजीला सांग." तिचे बरोबर आहे. कण्हेरीचे पान, फूल, बी, सगळेच विषारी असते. म्हणून ती अंगणवाडीच्या बाजूला मुळीच लावू नये, मागच्या कुंपणाला लावावी, आणि फांदी तोडल्यावर हात स्वच्छ धुवावेत. पण त्याच कारणाने शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. आपले कुंपण कसे आहे आणि शेळ्या कुठून येतात, हे पालकांना मी काय सांगावे!

सावलीसाठी अशोक नको, कडुनिंब हवा. आत्ता देवळापुढे निंबोळ्यांचा सडा पडला आहे. मात्र निंबोळी साठवून चालत नाही, दोन-तीन आठवड्यांत तिची उगवण्याची ताकद जाते. पिकलेली निंबोळी धुऊन लगेच पेरायची. बाभळीचे बी हवे असेल तर शेळ्यांच्या वाड्यात जावे. शेंगा खाऊन शेळीच्या पोटातून आलेले बी लवकर रुजते, हे मेंढपाळांच्या मुलांना पुस्तक न वाचता ठाऊक असते. स्वयंपाकखोलीमागे दोन शेवगे लावले तर पोषण आहाराच्या आमटीत शेंगा पडतील.

माझे मामा नगर तालुक्यातले (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण आजी अजून नगरच म्हणते). त्यांच्याबरोबर मी हिवरे बाजार पाहिले. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर त्या गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही असे ठरवले, ऊस आणि केळीही बंद केली. पाऊस किती पडला ते मोजून ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मांडतात आणि मग कोणते पीक घ्यायचे ते ठरते. एवढे मोठे गाव पाणी बघून पीक घेते, तर आपल्या चार गुंठ्यांच्या बागेला पाणी बघून फूल लावायला काय हरकत आहे?

गुलाब मला आवडत नाही असे कोणी समजू नये. एखादा गावठी गुलाब नळाच्या ओलीवर लावू, त्याला माझी ना नाही. वर्गणीही काढावी, पण तिच्यातून कुंपणाची तार घ्यावी आणि गळके माठ मिळाले नाहीत तर चार माठ घ्यावेत. माठ रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचा, पाण्याने भरायचा आणि वर झाकण ठेवायचे. पाणी पाझरून हळूहळू मुळाशी जाते. कडुनिंबाला पहिले दोन उन्हाळे एवढा आधार पुरे.

सोमवारी मी बोगनवेलीच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या बारा काड्या आणि कोरफडीची पिल्ले आणणार आहे. प्रत्येकाने दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्या धुऊन, तळाला भोके पाडून आणाव्यात. शेणखत आमच्या उकिरड्यातून मिळेल, आजीला विचारले आहे. वाळू कोणाच्या घरी बांधकामाची उरली असेल तर त्यांनी घमेलेभर द्यावी. माझी जुनी पाटी मी जपून ठेवली आहे.